डीएमसी डेव्हिल मे क्राय: क्रिटिक्सचे ८५ खरे की फॅन्सच्या शिव्या खऱ्या?

प्रश्न असा आलाय: "दादा, सेकंडहँड पीएस४ घेतलाय. सेलमध्ये डीएमसी डेव्हिल मे क्रायची डेफिनिटिव्ह एडिशन स्वस्तात दिसतेय. मूळ गेमला क्रिटिक्सनी ८५ च्या आसपास दिलेत आणि जुने फॅन अजून शिव्या घालतात. कुणाचं खरं धरू? मी आधीचा एक पण पार्ट खेळलेलो नाही."

आधी सरळ उत्तर देतो, घे भावा. पण कुणाचं खरं हा जो प्रश्न आहे ना त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, आणि मला ते नीट द्यायचंय कारण या एका गेमवरनं माझ्या पार्लरमध्ये जेवढी भांडणं झालीत तेवढी टेकन हरल्यावर पण झालेली नाहीत. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं गेमिंग पार्लर आहे, अगदी पीएस२ च्या काळापासनं, आणि दहाएक वर्षं मी मराठीतनं गेमचे रिव्ह्यू पण लिहितोय. म्हणजे मी दोन्ही बाजूला बसलोय. स्वतः खेळून स्कोअर दिलाय, आणि तोच गेम दुसऱ्याच्या खांद्यावरनं बघत शंभर तास घालवलेत. हे दुसरं काम फार कमी क्रिटिक्सना करायला मिळतं आणि खरं शिक्षण तिथंच होतं.

तू नवीन आहेस म्हणून थोडं मागचं सांगतो. पहिला डेव्हिल मे क्राय २००१ ला पीएस२ वर आला. रेसिडेंट इव्हिलचा चौथा भाग म्हणून सुरू झालेलं काम भलतीकडंच गेलं आणि त्यातनं हा गेम निघाला. हिरो दान्ते, पांढरे केस, लाल कोट, अर्धा माणूस अर्धा राक्षस, एका हातात तलवार आणि कमरेला दोन पिस्तुलं. २००३ चा दुसरा भाग फसला, २००५ च्या तिसऱ्यानं सगळी भरपाई केली आणि २००८ ला चौथा आला. चौथ्याची गोष्ट अर्ध्यावर जाऊन परत त्याच जागांवरनं उलटी फिरते, ते कंटाळवाणं होतं, पण मारामारी मात्र अशी की आज पण तोड नाही. यात शत्रूला नुसतं मारायचं नसतं, कसं मारलं त्याला मार्क असतात. स्क्रीनच्या कडेला डी पासनं वर ट्रिपल एस पर्यंत अक्षर चढत जातं, तोच तोच डाव परत मारला किंवा मार खाल्ला की खाली येतं.

मग सप्टेंबर २०१० ला टोकियो गेम शोमध्ये कॅपकॉमनं, म्हणजे हे गेम काढणाऱ्या कंपनीनं, नवीन ट्रेलर दाखवला, तोच हा डीएमसी, गोष्ट पहिल्यापासनं नव्यानं सांगणारा. गेम इंग्लंडमधल्या निन्जा थिअरी या स्टुडिओकडं दिलेला आणि त्यात एक काटकुळा पोरगा, आखूड काळे केस, तोंडात सिगारेट, आणि सांगितलं हाच दान्ते. लोकं भडकली. बऱ्याच जणांना वाटतं परदेशी स्टुडिओनं मनमानी केली, तसं नाही. निन्जा थिअरीची पहिली डिझाईन जुन्या दान्तेच्या जवळचीच होती, कॅपकॉमनंच त्यांना सांगितलं की असं नको, पार वेगळं करा.

जानेवारी २०१३ ला गेम आला आणि क्रिटिक्सनी उचलून धरला. मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळ्या रिव्ह्यूंचे मार्क एकत्र करून दाखवणाऱ्या साइटवर, पीएस३ आणि एक्सबॉक्स दोन्हीकडं ८५ च्या आसपास, आणि त्याच पानावर शेजारी युजर स्कोअर पार तळाला. आता यातले किती शून्य हे गेम विकत घेऊन दिलेले आणि किती नुसते केसांवरच्या रागातनं दिलेले हे कुणाला कळणार, कारण तिथं गेम घेतला असल्याचा पुरावा कुणी मागत नव्हतं. म्हणून त्या आकड्याला मी कधी किंमत दिली नाही. पण म्हणून त्या रागाला पण किंमत नाही असं जे काही मोठ्या मोठ्या रिव्ह्यूवाल्यांनी तेव्हा लिहिलं, की फॅन म्हणजे नुसती रडकी पोरं, ते मला तेव्हा पण पटलं नाही आणि आज तर अजिबात नाही.

का ते सांगतो.

पार्लरला एक पोरगा यायचा, शिवाजी पेठेतला, कॉलेज सुटलं की थेट माझ्याकडं. चौथ्या पार्टमध्ये ब्लडी पॅलेस म्हणून एक मोड आहे, एकावर एक १०१ मजले, प्रत्येक मजल्यावर शत्रू साफ करायचे, वर घड्याळ चालू. हा पोरगा रोज तेच खेळायचा. गोष्ट बघून झालेली, पात्रं पाठ झालेली, तरी रोज. शेजारच्या टीव्हीवर फिफाचा दंगा चाललेला असायचा आणि हा शांत बसून एकच डाव दोनशे वेळा घोटतोय. हवेत शत्रूच्या अंगावर पाय देऊन उडी मारायची, त्या उडीनं चालू हल्ला तोडायचा, परत तोच हल्ला, परत पाय, जमिनीला टेकायचंच नाही. बोटं बघितली की मला गंगावेश तालमीतली पोरं आठवायची, पहाटे उठून एकच पट शंभर वेळा काढणारी.

डीएमसी आला त्या आठवड्यात मी त्याला बोलवून घेतलं, म्हटलं बस, पहिला तुझा मान. अर्ध्या तासात त्यानं कंट्रोलर खाली ठेवला. केसांबद्दल तो एक शब्द पण बोलला नाही. तो म्हणाला, "दादा, लॉक-ऑनच नाही ओ यात."

आता लॉक-ऑन म्हणजे काय ते तुला कळायला हवं, कारण सगळं भांडण खरं तर इथं आहे. जुन्या भागात कंट्रोलरचं आर१ बटण दाबून धरलं की एक शत्रू पक्का धरला जायचा, मग त्याच्या दिशेनं कंट्रोलरची काठी दाबून वार केला की वेगळा डाव, उलट दिशेनं केला की वेगळा. म्हणजे एकाच बटणातनं तीन-चार डाव निघायचे आणि कुणाला मारायचं हे तू ठरवायचास. डीएमसीमध्ये ते काढलं, गेमच तू काठी कुठं वळवलीस त्यावरनं अंदाज बांधतो की याला कुणाला मारायचंय. समोर दोन-तीन जण असले की अंदाज बरोबर येतो, सहा जण असले आणि एक उडणारा असला की भलत्यालाच वार जातो. पहिल्यांदा खेळणाऱ्याला हे जाणवत पण नाही, उलट त्याला सोपं वाटतं. पण ज्याच्या हाताला पाच वर्षं ती सवय आहे त्याच्यासाठी हे म्हणजे पैलवानाला सांगायचं की कुस्ती खेळ पण पकड कुणाला घालायची ते पंच ठरवणार.

दुसरी गोष्ट फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात ते. तिसरा आणि चौथा भाग सेकंदाला ६० फ्रेमचा, डीएमसी पीएस३ आणि एक्सबॉक्सवर ३० चा. अनरिअल इंजिन ३ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर केलेला, चालती-फिरती बदलणारी शहरं दाखवायची तर त्या मशीनना एवढंच झेपत होतं. ६० ला एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदाची, ३० ला ३३ ची. नुसता बघणाऱ्याला फरक थोडा वाटेल पण मघाशी सांगितलं तसं जे पाय देऊन डाव तोडतात त्यांची सगळी मोजणीच चुकते.

तिसरी गोष्ट ही माझ्या स्वतःच्या रिव्ह्यूतली चूक आहे. गेममध्ये दोन रंगाची शस्त्रं असतात. एल२ दाबलं की निळी, देवदूताची, ओसायरिस नावाचा मोठा विळा वगैरे. आर२ दाबलं की लाल, राक्षसाची, आर्बिटर नावाची कुऱ्हाड वगैरे. ही कल्पना खूपच सुंदर आहे, दोन बोटांवर पाच शस्त्रं खेळवता येतात आणि मेनू उघडायला लागत नाही. पण पुढं शत्रू पण रंगीत येतात, निळ्यावर फक्त निळं शस्त्र चालतं, लाल्यावर फक्त लाल. चुकीचं मारलं की टण्णकन वार परत. मी तेव्हा लिहिलं होतं की यानं विविधता येते. एकदा खेळताना येतेच. पण तिसऱ्यांदा खेळायला बसलो तेव्हा कळलं की ज्या गेमचा सगळा आत्माच "तुला हवं तसं मार" हा आहे त्यात हा नियम थेट त्या आत्म्यावरच येतो. लाल आणि निळा दोघं एकदम आले की स्टाइल वगैरे विसरून नुसतं याला हे त्याला ते करत बसायचं.

आणि ते अक्षर. जुन्यात ट्रिपल एस आलं की पार्लरमध्ये ओरडा व्हायचा. डीएमसीमध्ये आयुष्यात पहिल्यांदा कंट्रोलर धरलेली पोरं दहा मिनिटांत ट्रिपल एस काढत होती, एक कुऱ्हाडीचा दणका बसला की मीटर वर. त्या पोरांना लय मजा आली आणि त्यांची मजा खोटी नव्हती, हे पण लक्षात घे. पण तालमीत पहिल्याच दिवशी दंड मारल्यावर वस्ताद सगळ्यांदेखत पाठ थोपटायला लागला तर दहा वर्षं घाम गाळलेल्यानं काय समजायचं?

म्हणून मी म्हणतो की क्रिटिक आणि फॅन एकाच गेमबद्दल बोलतच नव्हते. क्रिटिकला गेम रिलीजच्या थोडा आधी मिळतो, त्याला तो ठरलेल्या तारखेच्या आत संपवून लिहायचा असतो, दहा-बारा तासांत एकदा तो पार होतो आणि तो त्या प्रवासाला मार्क देतो. डीएमसीचा तो एक प्रवास खरोखर ८५ चा आहे, मी त्यावरनं आज पण हटणार नाही. फॅन मात्र त्या गेमला मार्क देतो जो गोष्ट संपल्यावर सुरू होतो. तो दुसरा गेम २०१३ ला अर्धवट होता. दोघं आपापल्या जागी खरं बोलत होते आणि दोघांनी एकमेकांना खोटं ठरवण्यात सगळा वेळ घालवला.

हे नुसतं माझं मत नाही हां. मार्च २०१५ ला कॅपकॉमनं पीएस४ आणि एक्सबॉक्स वनसाठी डेफिनिटिव्ह एडिशन काढली, तीच जी तुला सेलमध्ये दिसतेय. त्यात काय केलं बघ. ६० फ्रेम. लॉक-ऑन आणलं. रंगीत शत्रूंना कुठलंही शस्त्र लागू व्हायला लागलं, चुकीच्या रंगानं कमी लागतं एवढंच. स्टाइलचं अक्षर अवघड करणारा हार्डकोर मोड. वीस टक्के जास्त वेगानं चालणारा टर्बो मोड. मस्ट स्टाइल म्हणून अजून एक, ज्यात एस रँकच्या खाली असताना मारलेलं शत्रूला लागतच नाही. म्हणजे ज्यांना रडकी पोरं म्हटलं त्यांच्या तक्रारींची यादी घेऊन बसल्यासारखं एकेक दुरुस्त केलंय. यापेक्षा मोठी कबुली कंपनी काय देणार?

बरं, केसांचं पण बोलूया, कारण तो विषय पण लोकं फार सहज उडवून लावतात. गेमच्या सुरुवातीला एक सीन आहे, दान्तेच्या डोक्यावर पांढरा टोप येऊन पडतो, तो आरशात बघतो आणि सात जन्मात शक्य नाही अशा अर्थाचं बोलून फेकून देतो. तू जुने भाग खेळला नाहीस म्हणून तुला हसू येईल. पण ज्यानं त्या पांढऱ्या केसांच्या माणसाबरोबर बारा वर्षं काढलीत त्याला तो टोमणा थेट लागतो. नवीन काहीतरी करा ना, कोण नाही म्हणतंय, पण जुन्याला तोंडावर चिडवून नवीन कशाला करायचं? आपल्याकडं कुस्ती मातीवरनं मॅटवर गेली. पुढं जायचं तर मॅट लागणार होती, बाहेरच्या सगळ्या स्पर्धा मॅटवरच होतात, आणि नियम पण बदलले, मातीवर चितपट तर मॅटवर गुण. जुन्या वस्तादांना त्रास झालाच. पण ज्यांनी पोरांना मॅटवर नेलं त्यांनी खासबाग मैदानाच्या मातीला पाया पडूनच नेलं, मातीला नावं ठेवून नेलं नाही. एवढाच फरक आहे आणि तोच सगळा फरक आहे.

याचा पुरावा हवा तर २०१८ चा गॉड ऑफ वॉर बघ, तुझ्या पीएस४ वर तो तर घ्यायलाच हवा. बदलायचं काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं त्यांनी. कॅमेरा लांबनं दिसायचा तो खांद्यामागं आणला, सुरुवातीपासनं शेवटपर्यंत एक पण कट नाही, साखळीच्या तलवारी जाऊन कुऱ्हाड आली, ग्रीक देव जाऊन नॉर्स आले, उडीचं बटण सुद्धा काढलं. डीएमसीपेक्षा जास्त बदल. तरी मेटाक्रिटिकवर ९४ आणि जुने फॅन पण खूश. कारण त्याचा हिरो क्रेटॉस तोच होता, म्हातारा झालेला, केलेल्या पापांचं ओझं घेऊन पोराला सांभाळणारा. जुने भाग पुसले नाहीत, ते त्याच्या अंगावर ठेवले. त्या गेममध्ये पण खोट आहे, तेच तेच ट्रोल रंग बदलून बॉस म्हणून परत परत येतात आणि मागनं येणारा शत्रू कॅमेऱ्यात दिसत नाही म्हणून बाण दाखवायला लागतात. क्रिटिक्सनी लिहिलं पण कुणी त्यावरनं डोकं फोडून घेतलं नाही. माणूस एकदा मनानं सोबत आला की चुका पोटात घालतो.

उलटं उदाहरण पाहिजे तर २००८ चा प्रिन्स ऑफ पर्शिया. नवा प्रिन्स, नवी गोष्ट, सोबत एलिका नावाची राजकन्या, आणि तू दरीत पडलास की ती हात देऊन वर काढते, गेम ओव्हर नाहीच. यावर क्रिटिक्समध्येच फूट पडली, अर्धे म्हणाले काय सुंदर, अर्धे म्हणाले मरणच नाही तर थरार कसला. मला विचारशील तर ते भांडण चुकीचं होतं. मेल्यावर लोडिंग बघून मागच्या चेकपॉइंटला जाणं आणि एलिकानं उचलून मागच्या कट्ट्यावर ठेवणं, हिशोबात एकच, फक्त एकात शिक्षा दिसते आणि दुसऱ्यात हात दिसतो. माझ्याकडची आठवी-नववीतली पोरं तो गेम शेवटपर्यंत खेळली, अवघड म्हणून कुणी सोडला नाही. पण त्या गोष्टीचा मोठा भाग पुढं आलाच नाही, एक छोटा डाउनलोडचा तुकडा आला आणि ते संपलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

डीएमसीचं पण तसंच झालं. विक्रीचा अंदाज कॅपकॉमनं २० लाखांवरनं १२ लाखांवर आणला, पुढचा भाग निघाला नाही. २०१९ ला डेव्हिल मे क्राय ५ आला तो परत जुन्या दान्तेचा. त्याचा डायरेक्टर हिदेआकी इत्सुनो, तिसरा-चौथा भाग त्याचेच, आणि डीएमसीच्या वेळी निन्जा थिअरीवर कॅपकॉमकडनं लक्ष ठेवायला पण तोच होता. म्हणजे या माणसानं ते सगळं जवळनं बघितलं आणि मग पाचवा केला.

आता तुझ्यासारख्या नवीन माणसाला डीएमसीत काय मिळेल ते सांगतो, कारण शिव्यांच्या नादात हे कुणी बोलतच नाही. लिम्बो, म्हणजे आपल्या जगाला चिकटलेलं राक्षसांचं जग. तिथं शहर स्वतः तुझा वैरी आहे. गल्लीतनं पळतोयस आणि दोन्ही बाजूच्या भिंती जवळ येतायत, रस्ता फाटतोय, भिंतीवर मोठ्या अक्षरात दान्तेला मारा असं उमटतंय. हे असं वातावरण जुन्या एका पण भागात नव्हतं, तिथं बहुतेक वेळा रिकामे किल्ले आणि बंद दारं. नाइटक्लबची लेव्हल आहे, गाण्याच्या ठेक्यावर जमीन हलते. आणि बॉब बार्बास. हा बॉस म्हणजे न्यूज चॅनलचा अँकर, रोज रात्री लोकांना खोटं सांगून घाबरवणारा, आणि त्याच्याशी मारामारी त्याच्याच बातम्यांच्या ग्राफिक्सच्या आत होते, मध्येच हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्यातनं दिसल्यासारखा सीन. २०१३ ला पार्लरमधली सगळी पोरं आपापला गेम थांबवून हे बघायला एका टीव्हीपुढं जमली होती. जे क्रिटिक्स ८५ देऊन गेले ते या अशा जागांसाठी देऊन गेले, आणि बरोबर दिले.

गोष्टीचं लेखन मात्र मध्यम आहे. शिव्या जास्त, विचार कमी, आणि व्हर्जिल, म्हणजे दान्तेचा भाऊ, शेवटी एकदम पलटी मारतो ती नीट पेरलेली नाही.

तो शिवाजी पेठेतला पोरगा पुढं नोकरीला पुण्याला गेला. २०१५ च्या मे महिन्यात सुट्टीला आलेला, मी पीएस४ वर डेफिनिटिव्ह एडिशन लावून दिली. आधी सेटिंगमध्ये जाऊन लॉक-ऑनचं बटण बसवलं, मग टर्बो चालू केलं, आणि ट्रेनिंगमध्येच तासभर उभा. विळ्यानं उचल, कुऱ्हाडीनं आपट, परत खेचून घे. संध्याकाळी उठताना एवढंच म्हणाला की हे तेव्हाच द्यायला पाहिजे होतं.

घेतलास की पहिल्या वेळेला नेफिलिम डिफिकल्टी लाव, सुरुवातीला उघडी असलेल्यात ती सगळ्यात वरची आहे आणि खालच्या दोन्हीत तुला काही शिकायला मिळणार नाही. टर्बो आणि हार्डकोर पहिल्या फेरीत बंद ठेव, लॉक-ऑन मात्र पहिल्या मिशनपासनं वापर म्हणजे पाचव्या भागात गेलास की हात तयार असेल. व्हर्जिलची वेगळी छोटी गोष्ट, व्हर्जिल्स डाउनफॉल, या एडिशनमध्ये आतच येते, तिच्यासाठी वेगळे पैसे देऊ नकोस. आणि मित्राच्या पीसीवर घेऊया म्हणत असशील तर थांब, पीसीवर डेफिनिटिव्ह एडिशन आलेलीच नाही, तिथं जुनंच व्हर्जन आहे, ६० फ्रेमला चालतं पण रंगीत शत्रूंचा तो जुना नियम तसाच.